‘व्हाइट नॉइज’ : कादंबरीतील असंगती आणि चित्रपटातील विसंगती

३१ ऑगस्ट २०२२ रोजी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाचे उद्घाटन ‘व्हाइट नॉइज’ या चित्रपटाने झाले. दिग्दर्शक नोआ बॉमबाक. मूळ कृती डॉन डेलिलो यांची याच नावाची कादंबरी. ती १९८५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षीचे ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ तिला मिळाले. अमेरिकन विद्यापीठांच्या वर्गांतून ती वर्षानुवर्षे शिकवली गेली आहे, आणि ती पडद्यावर आणणे अशक्य आहे असेही वर्षानुवर्षे बोलले गेले आहे. अशा कृतीला हात घालणारा दिग्दर्शक संवादाचा मर्मज्ञ, त्याच्या हाताशी अॅडम ड्रायव्हर व ग्रेटा गर्विग यांच्यासारखे नट, आणि त्याला पूर्वी कधीही मिळाले नव्हते एवढे द्रव्यबळ. वर्षअखेरीस नेटफ्लिक्सवरून हा चित्रपट घरोघरी पोचला, आणि पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात एक चमत्कारिक निराशा ठेवून गेला. चमत्कारिक अशासाठी, की चित्रपटात ढिसाळपणा कोठेही नाही. कादंबरीचे तीन भाग त्यात आहेत, त्या भागांची नावेही आहेत. पात्रे आहेत, प्रसंग आहेत, संवादांचा मोठा हिस्सा जवळजवळ जसाच्या तसा आहे. अज्ञानाने किंवा आळसाने मूळ कृतीचा नाश केल्याची उदाहरणे चित्रसृष्टीत पैशाला पासरी मिळतील. येथे जे बिघडले ते श्रद्धेने बिघडले आहे. आणि म्हणूनच भाषांतराशी किंवा रूपांतराशी ज्यांचा संबंध येतो त्या सर्वांनी ते तपासून पाहण्यासारखे आहे.

बॉमबाक यांचे क्षेत्र पूर्वीपासून ठरलेले आहे. सुशिक्षित, बोलके, आत्ममग्न मध्यमवर्गीय कुटुंब आणि त्याची मोडतोड हा त्यांचा विषय. ‘द स्क्विड अँड द व्हेल’ (२००५) या चित्रपटात आईबापांच्या घटस्फोटाखाली चिरडलेले दोन मुलगे आहेत. दिग्दर्शकाचे स्वतःचे वडील कादंबरीकार व आई चित्रपटसमीक्षक, तेव्हा त्या घराची भाषा त्यांना शिकावी लागली नाही. ‘मॅरेज स्टोरी’ (२०१९) या चित्रपटाने ही दृष्टी परिपक्व झाल्याची ग्वाही दिली. वकिलांच्या तावडीत सापडलेले नवराबायको एकमेकांवर प्रेम करीत असतानाच एकमेकांचा सूड कसा घेतात, हे तेथे इतक्या बारकाईने दिसले की प्रेक्षकाने मान खाली घालावी. या साऱ्या चित्रपटांच्या कथा बॉमबाक यांच्या स्वतःच्या होत्या. दुसऱ्याच्या कथेवर आधारलेला, त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला कथाचित्रपट म्हणजे ‘व्हाइट नॉइज’. परक्या घरात प्रवेश करताना माणूस जसा जोडे बाहेर काढून, आवाज न करता आत जातो, तसे ते या कादंबरीत शिरलेले दिसतात.

कथानक थोडक्यात असे. एका लहानशा अमेरिकन गावातील महाविद्यालयात जॅक ग्लॅडनी हा प्राध्यापक ‘हिटलर अध्ययन’ नावाच्या विभागाचा संस्थापक आणि प्रमुख आहे. त्याला जर्मन येत नाही. ही लज्जास्पद गोष्ट लपवून तो चोरून शिकवणी लावतो. काळा झगा, काळा चष्मा आणि नावामागे मुद्दाम जोडलेले एक आद्याक्षर यांवर त्याचे पांडित्य उभे आहे. त्याची बायको बाबेट आणि दोघांच्या आधीच्या लग्नांतून गोळा झालेली मुले असे त्याचे भरगच्च, गोंगाटी, प्रेमळ कुटुंब आहे. दूरदर्शन, सुपरमार्केट, रेडिओ यांचा रव अहोरात्र कानांवर आहे. एके दिवशी रेल्वेच्या अपघातातून विषारी वायूचा ढग उठतो आणि गावाला घरे सोडून पळावे लागते. वाटेत पेट्रोल भरण्यासाठी मोटारीतून उतरलेला जॅक अडीच मिनिटे त्या वायूत सापडतो. पुढे बाबेट ‘डायलार’ नावाचे एक गुप्त औषध घेत असल्याचे उघडकीस येते. हे औषध मृत्यूचे भय घालविण्यासाठी आहे, आणि ते मिळावे म्हणून तिने एका अनोळखी माणसाला स्वतःचा देह दिलेला आहे. जॅक पिस्तूल घेऊन त्या माणसाच्या शोधात निघतो.

केवळ कथानक सांगितले तर ही कादंबरी प्रहसन वाटते, आणि तिच्याविषयी होणाऱ्या घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. मराठी विनोदमीमांसेला ‘विसंगती’ हा शब्द चांगला परिचित आहे. एखादी गोष्ट जशी असावी तशी नसली, की विसंगती निर्माण होते आणि आपण हसतो. यात ‘जशी असावी’ हा मानदंड गृहीत असतो. हसणारा त्या मानदंडाच्या बाजूला सुरक्षित उभा असतो. जर्मन न येणारा हिटलरतज्ज्ञ ही विसंगती झाली. ज्याला युरोपातील विचारवंतांनी ‘अॅब्सर्ड’ म्हटले आणि ज्याला मराठीत ‘असंगत’ हा शब्द रुळला, ती गोष्ट वेगळी. तेथे मानदंडच नाहीसा झालेला असतो. कोणती गोष्ट मोठी, कोणती लहान; कोणती खरी, कोणती खऱ्याची नक्कल, हे सांगणारे बाहेरचे कोणी उरत नाही. विसंगतीने हसू येते. असंगतीनेही येते, पण ते आपण कोठे उभे राहून हसत आहोत याचा पत्ता लागत नसल्यामुळे मध्येच थांबते. ‘विसंगत’ आणि ‘असंगत’ हे शब्द आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. बॉमबाक यांचा चित्रपट पाहिल्यावर त्यांतील भेदाची किंमत कळते.

डेलिलो यांच्या कादंबरीत ही असंगती प्रसंगांत फारशी नाही. ती निवेदनाच्या सुरात आहे. जॅक स्वतः कथा सांगतो, आणि प्रत्येक गोष्ट एकाच मापाने सांगतो. न्याहारीच्या डब्यावरील मजकूर, हिटलरच्या आईचा मृत्यू, मुलीच्या कपाळावरची आठी आणि स्वतःच्या रक्तात शिरलेले विष या चारींना वाक्यात सारखीच जागा मिळते. मोटारीच्या काचेवर पावसाचे थेंब पडत असताना त्याचा चौदा वर्षांचा मुलगा हाइनरिख वाद घालतो की पाऊस पडत आहे असे म्हणता येणार नाही, कारण रेडिओने पाऊस रात्री पडेल असे सांगितले आहे. बाप तर्काने लढतो आणि हरतो. हा प्रसंग नुसता विनोदी म्हणून वाचला तर हरणारा बाप दिसतो. पण निवेदनाचा सूर लक्षात घेतला तर बापाच्या पायांखालची जमीन सरकल्याचे जाणवते. ‘आत्ता’ आणि ‘येथे’ या शब्दांना आधार कोणाचा, हा प्रश्न त्याला खरोखरच पडलेला असतो.

याहूनही सूक्ष्म गोष्ट अशी. कादंबरीत मधूनच, दोन परिच्छेदांच्या फटीत, तीन व्यापारी नावे एका ओळीत येतात. कापडाच्या कृत्रिम धाग्यांची असतील, पतपत्रांची असतील. ती कोण उच्चारतो? जॅक नव्हे, दूरदर्शन नव्हे, लेखकही नव्हे. मंत्रासारखी ती उमटतात आणि निघून जातात. विषारी ढगापासून पळालेले कुटुंब छावणीत रात्र काढीत असता झोपेतली लहान मुलगी काही तरी पुटपुटते. बाप कान देऊन ऐकतो, तर ते एका मोटारीचे नाव असते. त्या नावाने त्याला जो गूढ, जवळजवळ धार्मिक स्वरूपाचा आनंद होतो, त्याचे वर्णन डेलिलो यांनी जराही न हसता केले आहे. भाषांतरकाराची कसोटी येथे लागते. या वर्णनात उपहासाची एक छटा अधिक घातली तर ते जाहिरातयुगावरचे टीकाचित्र होते. एक छटा कमी केली तर ते भाबडे होते. मूळ सूर या दोहोंमधल्या दोरीवर चालतो. (डेलिलो यांना या कादंबरीला ‘पॅनासॉनिक’ हे नाव द्यायचे होते, त्या कंपनीने अनुमती नाकारली. मुलीच्या तोंडचे मोटारीचे नाव आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे यंत्राचे नाव यांत लेखकाला फरक वाटत नव्हता, एवढे यावरून समजते.)

चित्रपटात प्रत्येक वाक्याला तोंड लागते. कोणाचेच नसलेले वाक्य ही गोष्ट कागदावर सोपी आणि पडद्यावर अतिशय अवघड आहे. तेथे ते कोणा पात्राच्या मुखातून यावे लागते, नाही तर यंत्रातून. बॉमबाक यांनी निवेदनाचा त्याग केला आणि संवाद राखले. शिवाय निवेदनातील कित्येक विचारही पात्रांच्या बोलण्यात नेऊन सोडले. परिणाम असा, की जे विचार कादंबरीत हवेत तरंगत होते ते आता माणसांची मते झाली. मृत्यूविषयी, सुपरमार्केटविषयी, हिटलरविषयी पात्रे मते मांडू लागली. आणि मते मांडणारी पात्रे विक्षिप्त वाटू लागली. विक्षिप्त माणूस दिसला की प्रेक्षक ताबडतोब शहाणा होतो. मानदंड परत आला. म्हणजे शब्द तेच राहिले आणि असंगतीची विसंगती झाली.

पहिल्या भागात हे नुकसान तितकेसे जाणवत नाही, कारण बॉमबाक यांच्या अंगचे गुण तेथे उपयोगी पडतात. स्वयंपाकघरात सगळे कुटुंब एकाच वेळी बोलत असते, कोणी कोणाचे ऐकत नसते, प्रश्न एकाचा आणि उत्तर तिसऱ्याचे. मूळ कृतीच्या शीर्षकाला, सर्व आवाजांच्या मिश्रणातून होणाऱ्या त्या अर्थशून्य रवाला, येथे चित्रपटाने स्वतःच्या साधनांनी गाठले आहे. तसेच जॅक आणि त्याचा मित्र मरे सिस्किंड यांचे जोडव्याख्यान. मरेला एल्विस प्रेस्लीच्या अध्ययनाचा विभाग उभारायचा आहे. एकाच वर्गात दोघे घिरट्या घालीत हिटलर आणि एल्विस यांच्या आयांविषयी बोलतात, आणि पाहतापाहता व्याख्यानाचे कीर्तन होते, विद्यार्थ्यांचा जमाव होतो. ड्रायव्हर यांचा झगा पंखांसारखा पसरतो. विद्वत्ता आणि झुंडशाही यांच्यामधला पडदा किती पातळ आहे, हे या दृश्याला उच्चारून सांगावे लागत नाही. मात्र दिग्दर्शकाने या व्याख्यानाची सांगड रेल्वेच्या अपघाताशी घातली आहे. वर्गातील आवेश चढत जातो आणि तिकडे एक मद्यपी मालमोटारचालक आगगाडीच्या दिशेने निघालेला असतो. टक्कर, स्फोट, आगीचा लोळ. घसरण येथून सुरू होते.

कादंबरीत हा अपघात कोणीही पाहत नाही. छपरावर चढलेला हाइनरिख दुर्बिणीतून काही तरी पाहतो; बाकी सारे रेडिओवरून कळते. रेडिओ त्या ढगाला प्रथम पिसासारखा म्हणतो, मग काळा म्हणतो, आणि शेवटी त्याला एक शासकीय नाव मिळते, ज्याचे मराठी ‘वायुवाहित विषारी घटना’ असे काही तरी करावे लागेल. विषबाधेची लक्षणेही रेडिओ बदलीत राहतो, आणि घरातल्या मुलींना ती ती लक्षणे, रेडिओने सांगितल्यावर, होऊ लागतात. संकट आहे, पण ते केवळ नामांच्या मालिकेतून पोचते आहे. नामाच्या पलीकडे जाऊन वस्तू पाहण्याची सोय नाही. ही शुद्ध असंगती. चित्रपटाने प्रेक्षकाला टक्कर दाखविली, स्फोट दाखविला, ढग उठताना दाखविला. आता रेडिओ काय म्हणतो याला महत्त्व उरले नाही. प्रेक्षकाला खरे काय ते ठाऊक आहे. नावे बदलणारा रेडिओ आता फक्त मूर्ख ठरतो. एका दृश्याने संपूर्ण दुसऱ्या भागाचा पाया काढून घेतला.

यावर एक समर्थन केले जाण्यासारखे आहे. चित्रपटाचा आरंभच मरेच्या एका व्याख्यानाने होतो. अमेरिकन चित्रपटांतील मोटारींच्या अपघातांचे तुकडे पडद्यावर दाखवीत तो विद्यार्थ्यांना सांगतो, की यात हिंसा न पाहता एक प्रकारचा निष्पाप उत्साह पाहा. कादंबरीत हा विषय पुष्कळ पुढे, तिसऱ्या भागात येतो. बॉमबाक यांनी तो मुद्दाम आघाडीला आणला. म्हणजे पुढची भव्य टक्कर, मोटारींच्या लांबच लांब रांगा, नदीच्या प्रवाहात तरंगत जाणारी कुटुंबाची गाडी, डॅनी एल्फमन यांचे भारदस्त संगीत हे सारे हॉलिवुडच्या संकटपटांचे जाणीवपूर्वक केलेले विडंबन आहे, असे म्हणता येईल. हेतू तसा असणे शक्य आहे. पण विडंबनाला मूळ वस्तूपासून अंतर लागते, आणि येथे दिग्दर्शक त्या दृश्यांच्या मोहात स्वतःच सापडलेला दिसतो. पळापळीची दृश्ये उत्तम साधली आहेत. इतकी उत्तम की ती ज्यांचे विडंबन करतात त्यांच्या रांगेतच जाऊन बसतात.

चित्रपट या माध्यमाला असंगती पेलवतच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. लुई बुन्युएल याने ‘द एक्स्टर्मिनेटिंग एंजल’ (१९६२) या चित्रपटात मेजवानीला आलेल्या पाहुण्यांना एका खोलीत अडकवून ठेवले. दार उघडे आहे, कोणी अडवीत नाही. त्यांना फक्त बाहेर पडता येत नाही. ‘द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्झ्वाझी’ (१९७२) मधील सभ्य मित्रमंडळी जेवायला बसू पाहतात आणि प्रत्येक वेळी काही तरी आडवे येते; एकदा तर भोजनगृहाच्या शेजारच्या दालनात मालकाचे प्रेत ठेवलेले निघते. बुन्युएलचा कॅमेरा यांपैकी कशानेही विचलित होत नाही. तो ना डोळे मोठे करतो, ना संगीताने ‘पाहा, हे विचित्र आहे’ असे सुचवितो. डेलिलो यांच्या निवेदकाचा जो समभाव, तोच बुन्युएलच्या कॅमेऱ्याचा. नाट्यात हीच गोष्ट यूजीन आयनेस्को याने ‘द बाल्ड सोप्रानो’ (१९५०) मध्ये केली होती. इंग्रजी शिकविणाऱ्या पाठ्यपुस्तकातील निर्जीव वाक्ये त्याने एका दिवाणखान्यातील जोडप्यांच्या तोंडी घातली, आणि एकमेकांच्या पत्त्यावरून आपण नवराबायको असल्याचा शोध लागणारे दांपत्य रंगभूमीवर आले. पाठ्यपुस्तकाची शिस्त त्या नाटकाला आधार देते. सतीश आळेकर यांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) नाटकात मेलेला भाऊराव जुन्याच स्मशानात जाळून घेण्याचा हट्ट धरून बसतो, आणि त्या घरच्या मरणाला कीर्तनाचा बांधीव घाट मिळतो. पाठ्यपुस्तक काय, कीर्तन काय किंवा बुन्युएलचा निर्विकार कॅमेरा काय, असंगतीला एक कडक बाह्य रूप लागते. जेथे अर्थ सुटतो तेथे घाट सुटून चालत नाही. बॉमबाक यांच्या चित्रपटाचा घाट दर अर्ध्या तासाने बदलतो. प्रथम कौटुंबिक सुखान्तिका, मग संकटपट, मग हेरकथेची सावली असलेला रंगीत तमोपट. हे बदल मूळ कादंबरीतही आहेत. पण तेथे एकच आवाज त्यांना ओवून घेतो. तो आवाज गेला आणि मणी विखुरले.

भारतीय प्रेक्षकाला या मधल्या भागाविषयी आणखीही काही वाटल्यावाचून राहत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथे युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मेथिल आयसोसायनेट सुटले आणि झोपेतली माणसे हजारोंनी मेली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत डेलिलो यांची कादंबरी अमेरिकेत प्रसिद्ध झाली. ती अर्थातच त्यापूर्वी लिहून झाली होती. पण तिच्या पहिल्या वाचकांपाशी ती भोपाळच्या छायेत आली. कादंबरीत जॅक म्हणतो, की अशी संकटे गरिबांवर, झोपड्यांत राहणाऱ्यांवर येतात. महाविद्यालयाच्या विभागप्रमुखाने आपल्या रस्त्यावरून होडी वल्हवीत जाण्याची पाळी येत नसते. हे विधान भोपाळपूर्वी लिहिले गेले, आणि त्यातील क्रौर्य भोपाळने उघडे केले. पुढे आपल्याकडेही त्या रात्रीचे नाव ‘वायू दुर्घटना’ असे पडले. ‘दुर्घटना’ या शब्दाला कर्ता नसतो. कोणी केले हा प्रश्नच तो व्याकरणाने मिटवून टाकतो. डेलिलो यांच्या रेडिओला हा शब्द अपरिचित वाटला नसता.

चित्रपटाच्या बाबतीत वास्तवाने पुन्हा एकदा असाच डाव साधला. चित्रण ओहायो राज्यात झाले होते आणि पळापळीच्या दृश्यांसाठी स्थानिक माणसे घेतली होती. नेटफ्लिक्सवर चित्रपट आल्यानंतर पाच आठवड्यांच्या आत, ३ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्याच राज्यातील ईस्ट पॅलेस्टाइन गावात रसायने वाहून नेणारी मालगाडी रुळावरून घसरली. ६ तारखेला डब्यांतील व्हायनिल क्लोराइड मुद्दाम जाळण्यात आले, गावावर काळा ढग चढला, लोकांना घरे सोडावी लागली. चित्रपटात पळणाऱ्यांचे काम केलेले काही रहिवासी त्यांत होते. कादंबरीतील ‘सिम्युव्हॅक’ नावाची संस्था खऱ्या संकटाचा उपयोग भावी नकली संकटाच्या तालमीसाठी करते, आणि खरे संकट तालमीच्या दृष्टीने नीटनेटके नाही अशी तक्रार करते. ओहायोत प्रथम नक्कल झाली आणि मग अस्सल आले. वास्तव इतके असंगत असताना कलाकृतीने स्फोटाची आतषबाजी करावी, यात एक प्रकारचा संकोचाचा अभाव आहे. भोपाळनंतरच्या वाचकाला तो ढग नुसता नेत्रसुखद वाटू शकत नाही.

तिसऱ्या भागात चित्रपट अचानक जिवंत होतो, आणि तो कोठे होतो हे फार बोलके आहे. जॅक बाबेटला डायलारविषयी विचारतो. ती प्रथम टाळते, मग बोलू लागते. औषधासाठी आपण काय केले ते सांगते. गर्विग यांनी हा दीर्घ प्रसंग ज्या रीतीने वठविला आहे तो पाहताना प्रेक्षक असंगती, उत्तराधुनिकता वगैरे सारे विसरतो. समोर एक भ्यालेली बाई असते आणि तिला जवळ घ्यावे की दूर ढकलावे हे न कळणारा नवरा असतो. दोघांनाही मृत्यूचे भय आहे. दोघांनीही ते एकमेकांपासून लपविले आहे. आपल्यापैकी आधी कोण मरणार यावर ते पूर्वी लाडिकपणे बोलत असत, ते बोलणे आता सहन होत नाही. हे ‘मॅरेज स्टोरी’च्या दिग्दर्शकाचे काम आहे. येथे त्याने कादंबरीचे शब्द वापरले आहेत, पण सूर स्वतःचा लावला आहे.

या प्रसंगाच्या प्रकाशात चित्रपटातील दोन बदलांचा अर्थ उलगडतो. कादंबरीतील धाकटा मुलगा वाइल्डर बाबेटच्या आधीच्या संसारातला आहे. चित्रपटात तो जॅक आणि बाबेट या दोघांचा आहे. कादंबरीतील जॅक त्या माणसाला मारण्यासाठी मोटेलवर एकटा जातो, एकटाच जखमी होतो आणि ज्याला मारायला गेला त्यालाच वाचविण्यासाठी धावतो. चित्रपटात ऐन वेळी बाबेट तेथे येऊन ठेपते, गोळी दोघांना लागते, आणि दोघे मिळून त्या जखमी माणसाला जर्मन जोगिणींच्या रुग्णालयात नेतात. तेथील वृद्ध जोगीण सांगते की स्वर्गावर, देवदूतांवर तिचा विश्वास नाही. इतरांना श्रद्धाळू माणसे जगात आहेत एवढा दिलासा मिळावा म्हणून त्या श्रद्धेचे सोंग वठवितात. कादंबरीत हे एकट्या माणसाला ऐकावे लागते. चित्रपटात ते ऐकताना नवराबायको शेजारी शेजारी असतात. असह्य सत्य दोघांनी ऐकले की ते अर्धे होते. आणि दिग्दर्शकाला ते अर्धेच व्हायला हवे आहे.

म्हणजे बॉमबाक यांना या कादंबरीत एक विवाहकथा दिसली होती. ती तिच्यात आहेही. तीच धरून त्यांनी बाकीचे निर्दयपणे सोडून दिले असते, हिटलर आणि एल्विस, मोटारींचे अपघात, तरंगणारी गाडी या साऱ्यांवर पाणी सोडले असते, तर कदाचित कादंबरीशी अप्रामाणिक पण स्वतःशी प्रामाणिक असा एक लहान, तीक्ष्ण चित्रपट निर्माण झाला असता. किंवा बुन्युएलच्या मार्गाने कादंबरीच्या सुराशी निष्ठा ठेवून शब्द टाकून दिले असते, तर वेगळेच काही हाती लागले असते. त्यांनी शब्द राखले. भाषांतराच्या क्षेत्रात हा अनुभव रोजचा आहे. प्रत्येक विशेषणाला विशेषण, प्रत्येक म्हणीला म्हण मिळालेली असते, ताळा जुळलेला असतो. आणि वाचणारा म्हणतो की हा लेखक मूळ भाषेत एवढा मोठा का मानला जातो ते कळत नाही. अशा भाषांतरकाराला अप्रामाणिक म्हणता येत नाही, आणि त्याचे भाषांतर वाचवतही नाही.

कादंबरीच्या अखेरीस वाइल्डर आपली तीनचाकी सायकल घेऊन भरधाव मोटारींच्या महामार्गावर उतरतो आणि पलीकडे जातो. मोटारी कर्णे वाजवतात, दूरच्या गच्चीवरून दोन बायका ओरडतात. पोराला काही कळत नाही, आणि काही होत नाही. त्यानंतर सुपरमार्केटमधील मांडण्यांवरचा माल एके दिवशी न सांगता हलविलेला आढळतो, आणि म्हातारी माणसे भयभीत होऊन फिरू लागतात. चित्रपट रुग्णालयातून सरळ सुपरमार्केटमध्ये येतो. तेथे माल जागच्या जागी आहे. श्रेयनामावलीच्या अक्षरांमागे ग्राहक, नोकर, प्राध्यापक, मुले, आईबाप असे सारे रंगीबेरंगी खोक्यांच्या रांगांतून नाचू लागतात. नृत्याची आखणी सुरेख आहे, गाणे या चित्रपटासाठीच तयार केलेले आहे, आणि ही काही मिनिटे साऱ्या चित्रपटातील सर्वांत सुखाची आहेत. वाइल्डरही त्या सुपरमार्केटमध्ये आहे, आणि त्याच्याकडे लक्ष द्यायला त्याचे आईबाप शेजारीच आहेत.